चिंतन आणि रवंथ

घडून गेलेल्या गोष्टीवर कुणी तासभर विचार करत बसलं, तर ते चिंतन की रवंथ, म्हणजे तेच तेच मनात घोळवत राहणं, हे बाहेरून कळत नाही. बसणाऱ्यालाही चटकन कळत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. रवंथ चालू असताना आपण प्रश्नाच्या मुळाशी निघालोय असंच वाटत राहतं, म्हणून माणूस थांबत नाही.

फरक विषयात नसतो, प्रश्नात असतो. समजा, बैठकीत बोलताना गडबड झाली. रवंथ म्हणते, 'मला बोलताच येत नाही. माझंच असं का होतं?' चिंतन म्हणतं, 'तिसऱ्या मुद्द्याला आकडे आठवले नाहीत, कारण ते कागदावर नव्हते.' पहिल्या वाक्यात स्वतःबद्दलचा निकाल आहे, त्यावर करण्यासारखं काहीच उरत नाही. दुसऱ्यात पुढच्या वेळचं काम आहे. 'का' विचारूच नये असं नाही. पण 'का'चं उत्तर स्वभावापाशी येऊन अडलं, की 'नेमकं कधी, कुठे, कसं' असं विचारावं.

मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केलं. २००३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उदास असताना माणूस काय विचार करतो हे मोजणाऱ्या जुन्या प्रश्नावलीतून कुढणं (म्हणजे इथली रवंथ) आणि चिंतन असे दोन घटक वेगळे काढले. कुढण्याबरोबर पुढे उदासी वाढलेली दिसली. चिंतन करणाऱ्यांचंही मन त्या वेळी जडच होतं, पण काळ गेला तशी त्यांची उदासी कमी झालेली आढळली. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण 'बरं वाटतंय का' ही कसोटी इथे फसवी ठरते.

त्यापेक्षा घड्याळ लावा. १० मिनिटांनी बघा, हाती काय आलं: एखादा नवा तपशील, एखादा निर्णय, किंवा हे आपल्या हातात नाही याची स्पष्ट कबुली? तिन्हींपैकी काहीच नसेल, तर ती रवंथ. मग उठा. 'विचारच करायचा नाही' असं मनाला बजावू नका. दाबलेला विचार उसळी मारून वर येतो. लक्ष गुंतेल असं दुसरं काम हाती घ्या. नोलेन-होक्सेमा यांच्या प्रयोगांत अवघी ८ मिनिटं लक्ष दुसरीकडे वळवल्यावर उदास लोकांचं मन हलकं झालेलं दिसलं.

चिंतनाला कागद लागतो. १५ मिनिटं पुरतात, फक्त अंथरुणात नको: तिथे थकवा असतो आणि लगेच करता येण्यासारखं काहीच नसतं. आधी घटना घडली त्या क्रमाने लिहा, विशेषणं गाळून. मग आपल्या हातातली एकच गोष्ट निवडा. शेवटी एक ओळ: 'अमुक झालं की मी तमुक करेन.' तिसऱ्या दिवशीही तीच वाक्यं उमटू लागली, तर वहीतही रवंथच सुरू झाली आहे. त्या विषयावर लिहिणं बंद करा आणि ठरवलेलं काम करून बघा.

मित्राशी बोलतानाही हेच घडतं. तीच तक्रार दोघांनी मिळून उगाळली, तर मैत्री घट्ट होते, पण मनावरचं ओझं वाढतं. बोलण्याआधीच 'यातून काय करता येईल ते शोधायला मदत कर' असं सांगितलं, तर गप्पांचा रोख बदलतो. आणि दोन आठवडे झोप, भूक किंवा काम बिघडलेलं असेल, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा.