चिखलासाठी टायर घेताना पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे नाही

चिखलात रुतलेल्या गाडीच्या चाकाकडे जरा जवळून बघा. टायर झिजून गोटा झालेला नसतो, तरी तो गुळगुळीत दिसतो. त्याच्या खाचा चिखलाने गच्च भरलेल्या असतात आणि चाकाभोवती चिखलाचाच एक रूळ तयार झालेला असतो. चिखलावर चिखल फिरतो आणि गाडी जागची हलत नाही. मड-टेरेन, म्हणजे खास चिखलासाठी बनवलेला टायर वेगळा ठरतो तो इथे. त्याची खाच भरते, पण चाकाची फेरी पूर्ण होण्याआधी रिकामीही होते.

खाच रिकामी होते ती चाकाच्या फिरण्याच्या जोरावर. साधारण ७६ सेंमी व्यासाच्या चाकाचा कडेचा वेग ताशी १० किमी असेल, तर खाचेतल्या मातीला बाहेर फेकणारा जोर तिच्या वजनाच्या जेमतेम दुप्पट असतो. वेग ताशी २० किमी झाला की तोच जोर वजनाच्या आठपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून चिकट चिखलात एखाद-दोन सेकंद चाक थोडे जोरात फिरवले की खाचा मोकळ्या होतात. माती बाहेर उडत असेल तरच हा उपाय चालतो. माती उडत नसेल आणि चाक खाली जात असेल, तर लगेच थांबावे. प्रत्येक जादा फेरीबरोबर खड्डा खोल होत जातो.

दुकानात टायर निवडताना आधी खांद्याकडचा भाग, म्हणजे ट्रेड (जमिनीला टेकणारा भाग) आणि साइडवॉल (टायरची बाजू) जिथे मिळतात ती कड बघावी. तिथल्या दोन ठोकळ्यांमधल्या खाचेत अंगठा सहज बसला पाहिजे आणि ती खाच बाहेरच्या बाजूला थेट उघडी असली पाहिजे. खाचेच्या भिंतीही सरळ उभ्या नकोत. खाच वर रुंद आणि तळाशी अरुंद असावी, कारण उभ्या भिंतींमध्ये माती पाचरीसारखी अडकते. स्वस्त टायरमध्ये एक फसवणूक नेहमी दिसते. साइडवॉलवर मोठमोठे ठोकळे उठवलेले असतात, पण ट्रेडमधली खाच खांद्याकडे येताना उथळ होत गेलेली असते. असा टायर दिसायला राकट असला तरी चिखलात लवकर भरतो.

यानंतर खोली. रस्त्यावरच्या साध्या टायरची नवी खाच सुमारे ८ मिमी असते, तर चांगल्या मड-टेरेनची १४ ते १६ मिमी. डेप्थ गेजने (खोली मोजायच्या साधनाने) ती मधोमध आणि खांद्यापाशी, अशी दोन्हीकडे मोजावी. खाचेच्या तळाशी दगड बाहेर ढकलण्यासाठी बारीक उंचवटे असतात. गेजची सुई त्यांच्यावर टेकली तर आकडा चुकीचा येतो.

खरा स्वस्त टायर कोणता हे ठरते ते या खोलीवरून. झीज दाखवणाऱ्या पट्ट्या १.६ मिमीवर असतात, पण चिखलातले काम त्याच्या कितीतरी आधी संपते. साधारण ७ मिमी हा व्यवहारात धरायचा आकडा. समजा, एका टायरची किंमत १०० आणि खोली १६ मिमी आहे. दुसरा ८० ला मिळतो, पण त्याची खोली १२ मिमी आहे. पहिल्यात चिखलाच्या कामाचे ९ मिमी मिळतात, म्हणजे मिमीमागे सुमारे ११. दुसऱ्यात मिळतात फक्त ५, म्हणजे मिमीमागे १६. वीस टक्के स्वस्त वाटलेला टायर प्रत्यक्षात जवळजवळ दीडपट महाग पडला. रबराचा दर्जा सारखा नसेल तर हे गणित थोडे इकडेतिकडे होईल, पण किमतीची चिठ्ठी वाचण्याआधी ते करावेच.

पैसे वाचवायची पहिली योग्य जागा म्हणजे माप. गाडीबरोबर आलेल्या मापातच, किंवा त्याहून किंचित अरुंद आणि उंच टायर घ्यावा. रुंद टायर भारदस्त दिसतो आणि महागही असतो. पण वर वीतभर चिखल आणि खाली टणक जमीन असेल, तर अरुंद टायरच चिखल कापून तळाला पोचतो. रुंद टायरचा फायदा होतो तो जिथे तळच लागत नाही अशा दलदलीत किंवा वाळूत. मापातला बदल दिसतो त्याहून मोठा असतो. २३५/७५ आर १५ या मापाच्या टायरचा व्यास ७३३ मिमीच्या आसपास, तर ३१ इंची टायरचा ७८७ मिमी. फरक सात टक्क्यांचा. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ ८६ ने धावत असेल. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आणि स्प्रिंग दाबली गेल्यावर टायर कुठेही घासत नाही ना, हे बसवण्याआधीच तपासावे.

भारक्षमतेत मात्र काटकसर नको. साइडवॉलवरच्या १०४ या आकड्याचा अर्थ एका टायरवर ९०० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो आणि १२१ म्हणजे १४५० किलो. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत जो आकडा दिलेला असतो त्याहून कमी क्षमतेचा टायर घेऊ नये. आकड्यापुढचे क्यू हे अक्षर ताशी १६० किमीची मर्यादा सांगते आणि बहुतेक मड-टेरेन याच गटात येतात. मापाआधी एलटी (लाइट ट्रक) लिहिलेले असेल, तर तेवढाच भार पेलायला साध्या कार टायरपेक्षा जास्त हवा लागते. जुन्याच दाबावर तो चालवला तर बाजू जास्त वाकते, तापते आणि आतून सुटायला लागते.

एलटी टायरमध्ये सी, डी आणि ई असे वर्ग असतात, म्हणजे अनुक्रमे ६, ८ आणि १० प्लाय (थर). आत खरोखर तेवढे थर नसतात, तो ताकदीचा दर्जा आहे. हलक्या गाडीला ई वर्ग घेतला की वजन वाढते, किंमत वाढते आणि बाजू इतकी ताठ होते की हवा कमी करूनही टायर पसरत नाही. भारक्षमता पुरत असेल आणि वाट टोकदार खडकांची नसेल, तर हलक्या गाडीला सी वर्ग पुरतो.

टायर पसरण्याला इतके महत्त्व का, ते मातीच्या स्वभावात आहे. वाळूत पकड घर्षणावर चालते, वजन वाढले की पकडही वाढते. पाण्याने पूर्ण भिजलेल्या चिकणमातीत मात्र कण एकमेकांना जितके धरून असतात तेवढीच पकड मिळते. तिथे वजन वाढवून काही साधत नाही, जमिनीला टेकलेले क्षेत्र वाढवावे लागते. एका चाकावर ५०० किलो भार आणि ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा असेल, तर टेकलेले क्षेत्र ढोबळमानाने २०० चौरस सेंमी भरते. हवा १८ वर आणली की ते चारशेच्या जवळ जाते. ही वाढ मुख्यतः लांबीत होते, त्यामुळे एका वेळी जास्त ठोकळे माती पकडतात. फारसा फरक नसलेल्या दोन टायरमधून निवडत बसण्यापेक्षा दाबमापक आणि हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर घेतला, तर चिखलात त्याचा उपयोग जास्त होतो. साध्या रिमवर १५ पीएसआयच्या खाली जाऊ नये. वळणात टायरची कड रिमवरून निसटते आणि हवा एका झटक्यात जाते. पक्क्या रस्त्यावर परतण्याआधी पुन्हा हवा भरायलाच हवी.

जुना टायर घ्यायचा असेल तर साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा. हे चार आकडे बहुतेकदा एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटून बघावा लागतो. खाचेच्या तळाशी बारीक भेगा, साइडवॉलवर फुगवटा किंवा तिथेच केलेली पंक्चरदुरुस्ती, यातले एक जरी दिसले तरी तो टायर सोडून द्यावा. आतून हात फिरवावा. साइडवॉलच्या आत रबराची भुकटी किंवा गोल काळपट पट्टा असेल, तर तो कधीतरी हवेविना धावलेला आहे. रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढवलेला टायर हळू वेगाच्या कामाला चालतो. पण वरचे रबर नवे असले तरी खालचा सांगाडा किती जुना आहे हे कळत नसेल, तर महामार्गावरच्या वेगासाठी तो घेऊ नये.

चार चाके आणि स्टेपनी एकाच मापाची असावीत. पैसे वाचवायला फक्त मागे मड-टेरेन बसवले, तर ओल्या रस्त्यावर पुढची आणि मागची पकड वेगळी पडते. फोर-व्हीलमध्ये व्यासातल्या फरकाचा ताण थेट ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागावर येतो. ओल्या डांबरावर मड-टेरेनला थांबायला तसेही जास्त अंतर लागते, कारण रस्त्याला टेकणारे रबरच कमी असते.

बसवताना टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी आणावा. ती टायरची हलकी बाजू असते, त्यामुळे बॅलन्सिंगला वजन कमी लागते. दर ५ ते ८ हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करावी, नाहीतर ठोकळ्यांची एकच कड झिजते आणि टायर घोंघावू लागतो. चिखलातून आल्यावर स्टिअरिंग थरथरू लागले, तर लगेच बॅलन्सिंगला धावू नये. आधी रिमची आतली बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवावी. तिथे एका जागी वाळलेला मूठभर चिखल पुष्कळदा एवढी थरथर करायला पुरतो.