मॉडेल-अभिनेत्री (कोल्हापूर)

मॉडेल-अभिनेत्री : जाहिरात, छायाचित्र किंवा रॅम्प यांतून आधी चेहरा ओळखीचा झालेली आणि नंतर चित्रपट-मालिकांत भूमिका करू लागलेली स्त्री कलावंत. झीनत अमान हे या वाटेचे सर्वांत ठळक उदाहरण. १९७० मध्ये त्यांनी ‘मिस एशिया पॅसिफिक’ हा किताब मिळवला आणि पुढच्याच वर्षी त्या हिंदी पडद्यावर गाजल्या. मराठी घरांतल्या मुलींपैकी मधु सप्रे १९९२ च्या ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धेत तिसऱ्या आल्या, पण चित्रपटात त्या फारशा रमल्या नाहीत. पुण्याच्या मुग्धा गोडसे यांनी २००८ मध्ये पहिल्याच मोठ्या चित्रपटात मॉडेलचीच भूमिका केली. रॅम्पवरचे नाव पडद्यावर आपोआप चालत नाही, एवढे या तीन उदाहरणांवरूनही दिसते.

कोल्हापुरात रॅम्पची परंपरा नाही. चेहऱ्याची मात्र आहे, आणि ती चित्रकाराच्या हातून आली. बाबूराव पेंटर मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. तानीबाई कागलकर यांच्या पैशाच्या आधारावर त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. ‘सैरंध्री’ (१९२०) या मूकपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी काम केले. पडद्यासाठी त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवली गेली. त्या काळी सिनेमात काम करणाऱ्या बाईला समाजात थारा नव्हता, तो या दोघींनाही मिळाला नाही. कॅमेऱ्यापुढे त्यांच्याकडून हवे होते ते उभे राहणे, वळणे, नजर, वस्त्राची चुणी. थोडक्यात, आज मॉडेलकडून जे मागतात तेच. आवाजाचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न बोलपटाने आणला. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ मध्ये कोल्हापुरातच झाली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. त्या मधल्या काळात, १९३२ मध्ये, मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापुरात तयार झाला. तारामतीच्या भूमिकेत होत्या दुर्गा खोटे : मुंबईतल्या प्रतिष्ठित घरातल्या, कॉलेजात शिकलेल्या. देखणा चेहरा पुरेसा असण्याचे दिवस तिथे संपले. संवाद आणि गाणे दोन्ही निभावणारी नायिका लागू लागली. मॉडेलिंगमधून आलेल्या मुलीची आजची अडचण नेमकी हीच आहे, म्हणून हा इतिहास इथे सांगायचा.

पडद्यावरून जाहिरातीकडे जाणारी उलटी वाटही कोल्हापुराला अगदीच अनोळखी नाही. इथल्या हंस पिक्चर्सच्या ‘छाया’ (१९३६) या मास्टर विनायक दिग्दर्शित चित्रपटात लीला चिटणीस नायिका होत्या. पुढे १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत त्या झळकल्या. त्याआधी त्या जागी हॉलिवूडच्या नट्या असत. म्हणजे तेव्हा पडद्यावरच्या नावाने साबण खपत होता. साबणाने पडद्यावर नाव मिळवून देण्याचे दिवस बरेच नंतरचे. दुर्गाबाईंनीही उतारवयात स्वतःची संस्था काढून जाहिरातपट आणि लघुपट केले.

आज कोल्हापुरातल्या मुलीची सुरुवात बहुधा स्थानिक कामाने होते. गुजरीतल्या सराफाच्या जाहिरातीत साज, ठुशी, चिंचपेटी घालून. महाद्वार रोड किंवा राजारामपुरीतल्या साडीच्या दुकानासाठी. नाहीतर नववधूच्या मेकअपचा नमुना म्हणून. रंकाळ्याच्या काठावर आणि पन्हाळ्यावर असे फोटोशूट सारखे चालू असतात. पैसे थोडे, कधी नुसती साडी. पण पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवायला निवडक फोटोंचा संच, तयार होतो आणि दागिना दिसेल अशी मान धरायची, नऊवारीत सहज वावरायचे, हे अंगवळणी पडते. ऐतिहासिक आणि ग्रामीण मालिकांच्या लुक टेस्टमध्ये, म्हणजे पात्राच्या वेशात कशी दिसते हे पाहण्याच्या चाचणीत, हे कौशल्य कामाला येते. ते कुणी गुणपत्रिकेत लिहीत नाही, हा भाग वेगळा.

पुढची पायरी ऑडिशनची. मोबाइलवर नाव, वय, उंची सांगून डावी-उजवी बाजू दाखवायची आणि दिलेला उतारा बोलायचा. मॉडेलची सवय अशी की लेन्स कुठे आहे हे तिला सतत ठाऊक असते, आणि अभिनयात ते ठाऊक असूनही विसरल्यासारखे करावे लागते. छायाचित्रात एक क्षण धरून ठेवायचा असतो. प्रसंगात समोरच्याचे ऐकताना चेहरा बदलायचा असतो, आणि नवखी मॉडेल नेमकी तिथेच थिजते. याला इलाज नाटकाचा. राज्य नाट्य स्पर्धेची, महाविद्यालयीन एकांकिकांची सवय कोल्हापुरात जुनी आहे. केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधवले. ते ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत भस्मसात झाले, तेव्हा नाटकाच्या तालमी करणाऱ्या मुलांचेच मोठे नुकसान झाले.

बोलीचा मामला आणखी गुंतागुंतीचा. कोल्हापूरकडची मुलगी घरात सहज ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणते, ‘काय करालीस गं’ विचारते. शहरी भूमिकेच्या ऑडिशनला हे सगळे झाडून टाकायला सांगतात. मग एखादी ग्रामीण मालिका येते आणि तेच ‘करालीस’ मुंबई-पुण्याच्या मुलींना भाषाशिक्षक लावून शिकवले जाते. मोरेवाडीची चित्रनगरी आणि आसपासची गावे चित्रीकरणासाठी वापरात आल्यापासून बोलीला भाव आला आहे. मात्र नायिका बाहेरची आणि तिची मैत्रीण किंवा जाऊ इथली, ही वाटणी अजून मोडलेली नाही.

शहराला सर्वांत मोठा मान मिळवून देणारी अलीकडची अभिनेत्री या वाटेने आलेलीच नाही. कोल्हापूरच्या उषा जाधव यांना ‘धग’ या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ६० वा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोरा रंग आणि उंची हा जाहिरातीचा जुना हिशोब त्या भूमिकेला कुठेच लागू नव्हता. त्याआधीच्या पिढीत सुलोचना लाटकर दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या हाताखाली याच गावात घडल्या, त्याही जाहिरातीविना.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. ऑडिशनसाठी पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो. नाव नोंदवायला, पोर्टफोलिओ ‘वर पाठवायला’ म्हणून पैसे उकळणारे छोट्या शहरांतूनच जास्त गिऱ्हाईक शोधतात. दुसरी गोष्ट मोबदल्याची. दुकानाच्या फोटोशूटचे पैसे बहुधा त्याच दिवशी हातात पडतात. मालिकेत मोबदला दिवसावर ठरतो आणि तो हाती यायला साधारण ९० दिवस लागतात. तोवर मुंबईतली खोली, प्रवास आणि जेवण स्वतःच्या खिशातून. त्यामुळे मालिकेत दिसू लागलेल्या मुलीही सणासुदीला कोल्हापुरात येऊन सराफाचे फोटोशूट करून जातात.