राणीप्रवेश (मधमाशीपालन)

नव्याने बसवलेल्या किंवा राणी गमावलेल्या मधमाश्यांच्या वसाहतीत बाहेरून आणलेली राणी माशी सोडण्याची पद्धत. खानदेशात कांदा बियाण्याच्या शेतात परागीभवनासाठी मधपेट्या ठेवणाऱ्यांना एका वसाहतीच्या दोन करताना हे काम हमखास पडते.

माश्या आपल्या राणीला गंधावरून ओळखतात. परक्या गंधाची राणी थेट सोडली, तर कामकरी माश्या तिच्याभोवती घट्ट गोळा करून तिला मारून टाकतात. त्यामुळे वसाहत खरोखर राणीविना आहे का, हे आधी पाहावे लागते. राणी नजरेस पडली नाही, एवढा पुरावा पुरत नाही. ताजी अंडी आणि राणीघरे (नवी राणी वाढवण्यासाठी माश्यांनी बांधलेली मोठी घरे) शोधावीत. राणीघरे आढळली तर सगळी मोडावीत, एकही मागे राहू नये. जुनी राणी काढल्यावर साधारण एक दिवस थांबून नवी द्यावी.

राणी जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात येते. तिच्याबरोबरच्या सेविका माश्या आधी काढून टाकलेल्या बऱ्या. पिंजऱ्याचे तोंड पिठीसाखर मधात मळून केलेल्या घट्ट गोळ्याने बंद करतात आणि तो पिल्ले असलेल्या दोन चौकटींच्या मध्ये, जाळी माश्यांना मोकळी राहील असा अडकवतात. गोळा खाऊन वाट मोकळी करायला माश्यांना बहुधा तीन-चार दिवस लागतात; तेवढ्यात राणीचा गंध पेटीभर पसरतो. माश्या जाळीतून राणीला भरवत असतील आणि बोटाने सहज बाजूला होत असतील, तर स्वीकार झाला असे समजावे. जाळीला चिकटून चावत असतील, तर गोळा संपू देऊ नये. पुन्हा राणीघर शोधावे.

खानदेशात हंगामाची निवड फार महत्त्वाची. उन्हाळ्यात पारा ४३ अंशांपलीकडे जातो, तेव्हा गोळा पातळ होऊन राणीच्या अंगाला चिकटतो आणि ती दगावते. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. तरीही पिंजरा संध्याकाळीच ठेवावा, पेटी सावलीत असावी. रावेर-यावलकडे केळीच्या बागेची कड त्यासाठी सोयीची. शिवारात फुलोरा कमी असेल तर समप्रमाणात साखर-पाण्याचा पाक द्यावा. उपाशी वसाहत राणी सहजी स्वीकारत नाही.

राणी पिंजऱ्याबाहेर पडल्यावर आठवडाभर पेटी उघडू नये. उतावीळपणे वारंवार पाहणे हेच राणी गमावण्याचे मोठे कारण ठरते. आठवड्याने पोळ्याच्या प्रत्येक घराच्या तळाशी एकेक अंडे दिसले की राणी रुजली.

सातपुड्यातील झाडाच्या ढोलीतून आणलेल्या सातेरी (देशी मधमाशी) वसाहतीची गोष्ट वेगळी. तिथे तिचीच राणी सोबत आणतात, पोळी केळीच्या सोपटाने चौकटीला बांधतात आणि वसाहत पळून जाऊ नये म्हणून दाराला काही दिवस राणीजाळी (कामकरी माश्या जातील पण राणी अडेल अशी जाळी) लावतात. सातेरीला मेलिफेराची (युरोपीय मधमाशीची) राणी चालत नाही.

एका घरात अनेक अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली, तर कामकरी माश्याच अंडी घालू लागलेल्या असतात. अशा वसाहतीवर नवी राणी वाया घालवू नये. मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून ती राणी असलेल्या सशक्त वसाहतीत मिसळून टाकावी.