संगणकाचा अनपेक्षित पुनरारंभ : हार्डवेअर-निदान

वापरात असलेला संगणक आज्ञेविना बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होणे. कारण सॉफ्टवेअरमध्येही असू शकते. येथे फक्त हार्डवेअर-दोषांचा विचार केला आहे.

विंडोजमध्ये गंभीर बिघाडानंतर यंत्र आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय मुळातच चालू असते. ती बंद केल्यास निळा पडदा टिकून राहतो व त्यावरील संकेतांक वाचता येतो. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद दिसताच पॉवर सप्लायला (एसएमपीएसला) दोषी धरण्याची पद्धत रूढ आहे. ती घाईची होय. ही नोंद यंत्र पुढच्या वेळी सुरू होताना लिहिली जाते आणि आधीचे बंद होणे रीतसर नव्हते, एवढेच सांगते. तिच्यातील बगचेक संकेतांक (निळ्या पडद्यावर दिसणारा बिघाडाचा क्रमांक) शून्य असेल, तर काही लिहून ठेवण्याइतकीही उसंत प्रणालीला मिळाली नसावी. अशा वेळी वीजपुरवठ्याकडे आधी पाहणे सयुक्तिक.

मदरबोर्ड व एसएमपीएससाठीच्या एटीएक्स प्रमाणानुसार (इंटेल, 1995) 12 व्होल्टच्या वाहिनीवरील दाब 11.40 ते 12.60 व्होल्टच्या मर्यादेत राहावा लागतो. सर्व दाब ठीक असल्याचे ‘पॉवर गुड’ हा संकेत मदरबोर्डला कळवतो. तो क्षणभर गेला, तरी मदरबोर्ड प्रोसेसर रीसेट करतो. साधा मल्टिमीटर काही मिलिसेकंदांची घसरण दाखवत नाही, त्यावर 12.1 व्होल्ट दिसले म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. दाबातील क्षणिक बदल आलेखाने दाखवणारा ऑसिलोस्कोप नसेल, तर खात्रीचा दुसरा एसएमपीएस जोडून पाहणे हाच व्यवहार्य उपाय.

मदरबोर्ड व एसएमपीएसमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवून दाब स्थिर ठेवणारे घटक) हे जुन्या यंत्रांतील ठळक कारण. साधारणपणे 1999 ते 2007 या काळातील असंख्य कपॅसिटर अकाली निकामी झाले. जपानमधून चोरलेले इलेक्ट्रोलाइटचे (कपॅसिटरमधील विद्युतवाहक द्रावाचे) सूत्र अपुरे उतरवले गेल्याने हे घडले, अशी कथा 2002-03 च्या सुमारास पसरली व अजूनही सांगितली जाते. मात्र त्याच सुमारास काही जपानी उत्पादकांचे कपॅसिटरही फुगले होते; त्याचा उलगडा या कथेतून होत नाही. रासायनिक स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते : कपॅसिटरचा अंतर्गत विद्युतरोध कमी राखण्यासाठी इलेक्ट्रोलाइटमध्ये पाण्याचे प्रमाण वाढवले गेले, पण पुरेसे गंजरोधक नसल्याने पाण्याची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू साचला. परिणामी माथ्यावरच्या खाचा फुगतात वा फाटतात. अंतर्गत रोध वाढल्याने भार एकाएकी वाढताच प्रोसेसरचा दाब कोसळतो. हा रोध तापमानाबरोबर घटतो. म्हणून गार असताना वारंवार रीसेट होणारे यंत्र तापल्यावर स्थिरावणे ही बरीच बोलकी खूण आहे. माथा सपाट असलेला कपॅसिटरही सदोष असू शकतो. तो हा अंतर्गत रोध मोजणाऱ्या ईएसआर मीटरने तपासावा.

रॅममधील दोषांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. चिपच्या वेष्टनातून निघणाऱ्या अल्फा कणांमुळे बिट पालटतात, हे मे व वुड्स यांनी 1978 च्या सुमारास दाखवले. उलट, गूगलच्या सर्व्हरांवरील 2009 च्या अभ्यासात दरवर्षी 8 टक्क्यांहून अधिक मॉड्यूलांत (रॅमच्या पट्ट्यांत) दोष आढळले आणि त्यांत कायमस्वरूपी बिघाडांचा वाटा मोठा दिसला. निदानापुरते दुसरे मत उपयोगी; कारण असे दोष मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवल्यास पुन्हा सापडण्याची शक्यता असते. नंतर एकेक मॉड्यूल काढून पाहतात.

अतितापाने यंत्र बहुधा मंदावते आणि शेवटी बंद पडते. बंद पडून लगेच सुरू झाल्यास केवळ उष्णतेवर ठपका ठेवू नये. अडकून बसलेले रीसेटचे बटण तपासण्यासाठी त्याची वायर मदरबोर्डवरून काढून ठेवणे पुरते.