बहमदून: थंड हवेचं गाव आणि 'मुहज्जर' हा शब्द

लेबनॉनच्या डोंगरातलं बहमदून म्हणजे खरं तर दोन वस्त्या. खाली 'दयआ', जुनं ख्रिस्ती गाव. वर बैरुत-दमास्कस रस्त्याला लागून 'महत्ता', म्हणजे स्टेशन. १८९५ मध्ये इथून जाणारी रेल्वे सुरू झाली आणि स्टेशनाभोवती हॉटेलं उभी राहिली. बैरुतला घामाच्या धारा लागल्या की समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवरच्या या गावी हवा खायला यायचं, ही तिथली रीत. पुढे तेलाचा पैसा आला तशी कुवेती आणि सौदी कुटुंबं अख्खा उन्हाळा मुक्कामाला येऊ लागली, काहींनी घरंही घेतली.

पुढे लेबनॉनच्या यादवी युद्धात इस्रायली फौजा या डोंगरात शिरल्या होत्या; सप्टेंबर १९८३ मध्ये त्या अचानक मागे हटल्या. त्यांच्या आडोशाने वर आलेले ख्रिस्ती बंदूकधारी आणि द्रूझ (याच डोंगरात राहणारा एक धर्मपंथ) लढवय्ये समोरासमोर आले. काही दिवसांतच बहमदून पडलं आणि ख्रिस्ती वस्ती उठली.

इथून पुढे सगळा घोळ एका शब्दाचा आहे: 'मुहज्जर', जबरदस्तीने हुसकावलेला. डोंगरातून पळालेला घरमालक मुहज्जर. पण लढाईत आपलं घर गमावून दुसऱ्याच्या रिकाम्या घरात शिरलेलं कुटुंबही मुहज्जरच. १९९० मध्ये यादवी संपल्यानंतर सरकारने परतीसाठी वेगळं खातं उघडलं, निधी उभारला आणि ठरवलं की घर सोडणाऱ्यालाही पैसे द्यायचे, घर बांधणाऱ्यालाही. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. पोलीस बळाने कुटुंबं रस्त्यावर काढण्यापेक्षा बरंच. पण छप्पर गेलेल्या घराचा मालक हप्त्याची वाट बघत बसलेला असताना दुसऱ्याच्या घरात राहिलेल्याला जाण्यासाठी पैसे मिळावेत, हे गावकऱ्यांच्या पचनी कसं पडावं? त्यात वशिलेबाजीचे आरोप झाले ते वेगळेच.

२००१ मध्ये दोन्ही समाजांच्या पुढाऱ्यांनी जाहीर समेट केला. मात्र बैरुतमध्ये मुलांच्या शाळा आणि नोकऱ्या जमवून बसलेले लोक बाराही महिन्यांसाठी परतले नाहीत. लेबनॉनमध्ये मतदार नोंद राहत्या जागी नसते, ती वडिलोपार्जित गावी असते. त्यामुळे यादीत बहमदून भरलेलं आणि जानेवारीत अर्ध्या खिडक्या बंद.

आखाती पाहुण्यांचं येणंजाणं तर राजकारणाच्या तालावर चालतं. २००६ च्या युद्धात ते पांगले, सीरिया पेटल्यावर त्यांच्या सरकारांनीच लेबनॉनला जाऊ नका म्हणून बजावलं. महत्तामध्ये उन्हाळी गर्दीसाठीच बांधलेलं ज्यू प्रार्थनागृह अजून ओसाड उभं आहे. त्या ज्यू उन्हाळी पाहुण्यांचा उल्लेख मुहज्जरांच्या हिशेबात सहसा येत नाही.