नातेसंबंधाधारित प्रवेशनियंत्रण

वापरकर्त्याला एखाद्या फायलीवर किंवा नोंदीवर कोणती कृती करता येईल, हे त्या दोघांना जोडणाऱ्या नात्यांच्या साखळीवरून ठरविण्याची संगणकीय पद्धत. इंग्रजी आद्याक्षरांवरून हिला ‘रिबॅक’ म्हणतात. भूमिकाधारित पद्धतीत ‘लेखापाल’ म्हणून मिळालेला हक्क सरसकट असतो. येथे याच फायलीशी याच व्यक्तीचे नाते काय, ते पाहिले जाते.

संज्ञा सामान्यतः कॅरी गेट्स यांच्या २००७ मधील लेखाकडे नेली जाते. कल्पना मात्र किंचित आधीची दिसते : कार्मिनाती, फेरारी व पेरेगो यांनी २००६ च्या सुमारास समाजमाध्यमांसाठी नात्याचा प्रकार, अंतर आणि विश्वास यांवर बेतलेले नियम मांडले होते. मूळ आणखी मागे, १९७० च्या दशकातील ‘टेक-ग्रँट’ (हक्क घेणे-देणे) प्रतिमानात शोधता येते, कारण तेही आलेखावरच, म्हणजे बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषा (कडा) यांच्या जाळ्यावरच, उभे आहे. पण त्या आलेखाच्या कडा म्हणजे हक्कच. नात्यावरून हक्क काढण्याची पायरी त्यात नाही. त्यामुळे त्याला दूरचा पूर्वज मानणेच बरे. फिलिप फाँग यांनी २०११ मध्ये मोडल लॉजिकवर (शक्यता व आवश्यकता यांच्या तर्कशास्त्रावर) आधारलेली धोरणभाषा, म्हणजे प्रवेशाचे नियम लिहिण्याची भाषा, दिली आणि ही पद्धत समाजमाध्यमांबाहेर, उदा., रुग्ण आणि त्याचा डॉक्टर यांच्या नात्यालाही लागू पडते हे दाखविले. पद्धतीला काटेकोर रूप आले ते येथे.

प्रत्यक्ष वापरात तिचा बोलबाला झाला तो गूगलच्या ‘झांझिबार’ या प्रवेशनियंत्रण प्रणालीवरील २०१९ च्या शोधनिबंधानंतर. तीत प्रत्येक नाते ‘अहवाल#वाचक@लेखागट#सदस्य’ अशा एका त्रिकुटात (वस्तू, नाते आणि वापरकर्ता किंवा वापरकर्त्यांचा गट) मावते. म्हणजे लेखागटाचा जो सदस्य, तो अहवालाचा वाचक. ड्राइव्ह, यूट्यूब आदी सेवांसाठी अशी दोन लाख कोटींहून अधिक त्रिकुटे साठविलेली असून ९५ टक्के तपासण्या १० मिलिसेकंदांच्या आत होतात, असे निबंधात नमूद आहे.

खरी अडचण वेगापेक्षा क्रमाची. सुनीताने फोल्डरमधून महेशला काढले आणि मग त्यात नवा दस्तऐवज टाकला. तपासणीच्या वेळी जुनीच नाती वाचली गेली, तर काढून टाकलेल्या महेशला नवा मजकूर दिसतो. यालाच निबंधात ‘नवा शत्रू’ समस्या म्हटले आहे. तिच्यावर उपाय म्हणून मजकुराच्या प्रत्येक आवृत्तीसोबत ‘झूकी’ नावाची कालखूण ठेवतात. तिच्याहून जुन्या नात्यांवर निर्णय दिला जात नाही.

स्पाइसडीबी, ओपनएफजीए व ओरी केटो या झांझिबारच्या धर्तीवरील मुक्तस्रोत प्रणाली होत.