बुरशी पिकवणाऱ्या मुंग्या

अन्नासाठी वारुळात बुरशीची लागवड करणाऱ्या मुंग्यांचा एक गट. यांच्या सुमारे अडीचशे जाती ज्ञात असून त्या फक्त दोन्ही अमेरिका खंडांत आढळतात. बहुतेक जातींची वारुळे लहान असतात आणि त्या किड्यांची विष्ठा, पालापाचोळा यांवर बुरशी वाढवतात. ‘ॲटा’ आणि ‘ॲक्रोमिरमेक्स’ या प्रजातींतल्या मुंग्या मात्र ताजी पाने कापून आणतात. ॲटाच्या जुन्या वसाहतीत लाखो मुंग्या नांदतात.

ही पाने मुंग्यांच्या खाण्यासाठी नसतात, तर त्यांवर बुरशी वाढते, हे इंग्रज निसर्ग-अभ्यासक टॉमस बेल्ट यांनी निकाराग्वातील निरीक्षणांवरून १८७४ मध्ये मांडले. वारुळात आलेले पान मुंग्या आधी चाटून स्वच्छ करतात, मग चावून त्याचा लगदा करतात, त्यावर स्वतःच्या विष्ठेचा थेंब टाकतात आणि जुन्या बागेतला बुरशीचा झुबका उचलून त्यावर रोवतात. या बुरशीच्या तंतूंच्या टोकांना पौष्टिक फुगीर गाठी येतात. अळ्यांचे पोषण त्यांवरच होते. प्रौढ मुंग्या पानांचा रसही पितात. एखादे पान बुरशीला बाधले, तर त्या झाडाची पाने आणणे मुंग्या काही दिवसांत थांबवतात. मुंगीला स्वतःला त्या पानाचा त्रास होत नसतानाही हे घडते, ही या सहजीवनातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल.

पाने कापणाऱ्या मुंग्यांत नवी वसाहत बहुधा एकटी राणी उभी करते. माहेरचे वारूळ सोडताना ती बुरशीची बारीकशी गोळी तोंडातल्या पिशवीत विरजणासारखी घेऊन निघते. हवेत अनेक नरांशी समागम झाल्यावर ती पंख टाकते, जमिनीत बीळ खणते, गोळी ओकते आणि स्वतःच्या विष्ठेवर ती जगवते. पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडेपर्यंत ॲटाची राणी बाहेरचे काहीही न खाता, शरीरातल्या साठ्यावर राहते. गोळी मेली, तर वसाहत तिथेच संपते. तगली, तर राणी दहा वर्षांहून अधिक काळ अंडी घालू शकते.

पाने कापणाऱ्या मुंग्यांत कामांची वाटणी आकारानुसार असते. सर्वांत लहान मुंग्या बाग आणि अळ्या सांभाळतात, मध्यम मुंग्या पाने कापतात, मोठ्या डोक्याच्या मुंग्या राखण करतात. कचरा वाहण्याचे जोखमीचे काम बहुधा म्हाताऱ्या मुंग्यांकडे असते.

‘एस्कोव्हॉप्सिस’ ही परजीवी बुरशी बागेचा मोठा शत्रू. मुंग्या तिचे बीजाणू वेचतात, रोगट भाग उपटून फेकतात. ॲक्रोमिरमेक्सच्या अंगावरचा पांढरा थर जिवाणूंचा असून त्यांच्यापासून मिळणारी प्रतिजैविके या बुरशीला रोखतात, असे संशोधक कॅमेरॉन करी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले.

भारतात या मुंग्या नाहीत. येथे काही वाळव्या ‘टर्मिटोमायसिस’ बुरशी पिकवतात. त्यांची शेती मुंग्यांपेक्षा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली. पावसाळ्यात कोकण-गोव्यात वाळवीच्या वारुळांवर उगवणारी अळंबी ही याच बुरशीची.